फुलपाखरू हाही पतंगच

पावसाळा लागला की वर्तमानपत्रांच्या जिल्हा पानावर एक छायाचित्र हमखास येते. कोकणातल्या किंवा घाटमाथ्यावरच्या एखाद्या घराच्या भिंतीवर विटकरी रंगाचा, वीतभर रुंद पंखांचा कीटक बसलेला असतो आणि खाली ओळ असते, ‘दुर्मीळ महाकाय फुलपाखराचे दर्शन’. दुसऱ्या दिवशी कोणी जाणकार खुलासा करतो की हे फुलपाखरू नव्हे, ॲटलास पतंग आहे, आणि तो समजतात तितका दुर्मीळही नाही. खुलासा खराच असतो, पण तो वाचून एक चुकीची समजूत आणखी पक्की होते. निसर्गाने पंखांवर खवले असलेल्या कीटकांचे दोन सरळ वाटे केले, एक फुलपाखरांचा आणि दुसरा पतंगांचा, अशी ती समजूत. असे वाटे निसर्गाने केलेले नाहीत. फुलपाखरे ही पतंगांच्याच वंशवृक्षाची एक फांदी आहे आणि तीही काही सर्वांत जाड फांदी नव्हे. हे सत्य अभ्यासकांच्या चोपडीत राहिले असते तर त्यावर वर्तमानपत्रात लिहिण्याचे कारण नव्हते. पण आपली पाठ्यपुस्तके, आपला वन्यजीव कायदा, आपली उद्याने आणि काही अंशी आपली शेतीसुद्धा त्या काल्पनिक दोन वाट्यांवर उभी आहे आणि त्याचा भुर्दंड आपण भरतो आहोत, असे माझे म्हणणे आहे.

आधी आकडे पाहू. जगात या गणातल्या सुमारे १,६०,००० जातींचे आजवर शास्त्रीय वर्णन झाले आहे. त्यातली फुलपाखरे सुमारे १९,०००. म्हणजे आठात एकही नीट भरत नाही. भारतात फुलपाखरांच्या तेराशे-चौदाशे जाती आहेत आणि पतंगांच्या दहा हजारांच्या वर. फुलपाखरांची कुळे जगभरात मिळून सात, पतंगांची शंभराहून अधिक. कार्ल लिनियसने १७५८ मध्ये ‘सिस्टिमा नॅच्युरी’च्या दहाव्या आवृत्तीत या सगळ्यांची तीन खात्यांत सोय लावली होती. पापिलिओ म्हणजे फुलपाखरे, स्फिंक्स म्हणजे आज ज्यांना हॉक मॉथ म्हणतात ते दणकट पतंग, आणि फालिना म्हणजे उरलेसुरले सगळे. त्याच्या हाताशी जेवढे नमुने होते त्यांच्या मानाने ही व्यवस्था वाईट नव्हती. गंमत म्हणजे त्याने पतंगांची निदान दोन खाती तरी ठेवली होती. पुढे एकोणिसाव्या शतकात मिशांच्या आकारावरून ‘गाठीच्या मिशांचे’ आणि ‘इतर मिशांचे’ असे दोनच गट करण्याची रीत पडली. त्यातला ‘इतर’ हा गट नव्हेच, ती शिल्लक आहे. ‘पुणेकर आणि उरलेले मराठी लोक’ अशी शिरगणती कोणी केली तर तिला जितका अर्थ असेल तितकाच या विभागणीला आहे. (पुण्यात ती कदाचित मान्यही होईल.)

वर्गीकरणाचा आजचा कस रूपावर नाही, वंशावर आहे. एका पूर्वजाची सगळी संतती ज्यात येते तोच खरा गट. या कसोटीवर फुलपाखरे उतरतात, कारण ती सगळी एकाच पूर्वजाची लेकरे आहेत. पतंग मात्र उतरत नाहीत. लोकरी कपड्यांना कसर लावणारा चिमुकला पतंग आणि रेशमाचा पतंग घ्या. रेशमाचा पतंग त्या कसरीच्या जितका जवळचा आहे त्याहून किती तरी अधिक तो फुलपाखरांच्या जवळचा आहे. म्हणजे कसर आणि रेशमाचा पतंग यांना एका नावाखाली आणून फुलपाखराला वेगळे काढणे म्हणजे चुलतभावाला परका ठरवून लांबच्या नातेवाइकाला सख्खा म्हणण्यातली गत. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात जगभरच्या सुमारे २,३०० फुलपाखरांच्या जनुकांची तुलना झाली. तीवरून असे दिसते की सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वी अमेरिका खंडांत, रात्री उडणाऱ्या आणि वनस्पतींवर जगणाऱ्या एका पतंगकुळातून दिवसा उडणारी ही शाखा फुटली. तोवर पतंगांचा इतिहास कोट्यवधी वर्षांचा झालेला होता. फुलपाखरू म्हणजे दिनचर्या बदललेला पतंग.

आता शाळेतला तो ठरलेला प्रश्न घेऊ, ‘फुलपाखरू आणि पतंग यांतील फरक स्पष्ट करा’. उत्तरही ठरलेले आहे. फुलपाखरू दिवसा उडते, पतंग रात्री. फुलपाखरू रंगीत, पतंग मळकट. फुलपाखरू पंख मिटून बसते, पतंग पसरून. फुलपाखराच्या मिशांच्या टोकाला गाठ असते, पतंगाच्या मिशा दोऱ्यासारख्या किंवा पिसासारख्या. यातला पहिला मुद्दा सह्याद्रीतच कोसळतो. निळसर पंखांवर जांभळट काळे डाग मिरवणारा ब्लू टायगर मॉथ भर उन्हात झाडाझाडांतून संथ उडतो आणि नवखा निरीक्षक त्याची नोंद बिनदिक्कत फुलपाखरू म्हणून करतो. अनंताच्या झाडावर वाढणारा, पारदर्शक पंखांचा कॉफी बी हॉक मॉथ दिवसाढवळ्या फुलांपुढे हवेत तरंगत मध पितो. कोषातून बाहेर आल्यावर त्याच्या पंखांवर खवले असतात, पण पहिल्याच फडफडीत ते झडून जातात आणि मागे काचेसारखा पंख उरतो. उलट बाजूने, माडाच्या पात्यांची सुरळी करून राहणाऱ्या अळीचे जायंट रेडआय हे फुलपाखरू दिवसभर सावलीत दडून राहते आणि दिवेलागणीला बाहेर पडते. इव्हनिंग ब्राउनचेही तेच. रंगाचा मुद्दा तर फिकट पोपटी, लांब शेपट्यांचा मून मॉथ एकदा पाहिला की सोडूनच द्यावा लागतो. बसण्याच्या ढबीचे म्हणाल तर स्नो फ्लॅट जातीची फुलपाखरे पानाखाली पंख सपाट पसरून बसतात, आणि ऊन खाणारे कुठलेही फुलपाखरू पंख उघडतेच.

मिशांची खूण यांत सर्वांत भरवशाची. शास्त्रीय भाषेत त्यांना शृंगिका म्हणतात आणि त्या वास घेण्याचे इंद्रिय आहेत. पिसासारख्या मिशांचा नर पतंग हवेतला मादीचा गंध फार लांबून टिपतो. त्यासाठी जास्तीत जास्त पृष्ठभाग हवा, म्हणून मिशीला फांद्या फुटल्या. दिवसा डोळ्यांनी जोडीदार शोधणाऱ्याला तेवढ्या पसाऱ्याची गरज नाही. खूण उपयोगी आहे, पण तीही सार्वत्रिक नाही. मध्य आणि दक्षिण अमेरिकेत हेडिलिडी नावाचे एक छोटे कुळ आहे, जेमतेम तीन-साडेतीन डझन जातींचे. तपकिरी, सडसडीत, बहुतेक रात्री उडणारे, मिशा साध्या दोऱ्यासारख्या. ते वर्षानुवर्षे भूमितीय पतंगांच्या, म्हणजे ज्यांची अळी वितीने मोजल्यासारखी चालते त्या कुळात धरले जात होते. १९८६ मध्ये माल्कम स्कोबल या अभ्यासकाने त्यांच्या शरीररचनेचा कीस काढून म्हटले की ही फुलपाखरे आहेत. तेव्हा अनेकांनी भुवया उंचावल्या. पुढे जनुकांनी त्याच्या बाजूने कौल दिला. रात्री उडणारे, गाठ नसलेल्या मिशांचे आणि पंखांच्या बुडाशी वटवाघळाची कर्कश हाळी ऐकणारे कान असलेले फुलपाखरू! शाळेच्या तक्त्यात ते कुठल्या रकान्यात लिहायचे?

तक्त्यात सहसा न येणारी एक खूण अभ्यासक फार मानत, ती म्हणजे पुढचा आणि मागचा पंख एकमेकांना जोडण्याची तऱ्हा. उडताना दोन्ही पंख एका लयीत हलायला हवेत. बहुतेक पतंगांच्या मागच्या पंखाच्या मुळाशी एक ताठ राठ केस असतो, नरात एकच जाड आणि मादीत बहुधा अनेक बारीक. पुढच्या पंखाच्या खालच्या अंगाला असलेल्या आकड्यात तो अडकतो. फुलपाखरांत हा केस नाही. त्यांच्या मागच्या पंखाचा खांद्याकडचा भाग रुंद होऊन पुढच्या पंखाखाली सरकतो आणि नुसत्या दाबावर दोन्ही एकत्र हलतात. फरक स्वच्छ आहे, असे वाटते. पण ऑस्ट्रेलियातल्या रीजंट स्किपर या फुलपाखराच्या नराला तो केसही आहे आणि आकडाही. आणि सगळ्या पतंगांचा राजा म्हणून ज्याचे फोटो छापतात, त्या ॲटलासच्या पंखांवर मात्र तो केस नाही. त्याचे पंख फुलपाखरासारखेच एकमेकांवर दाबून चालतात. म्हणजे एक फुलपाखरू पतंगाची कडी लावते आणि सर्वांत गाजलेला पतंग फुलपाखराची पद्धत वापरतो. यात निसर्गाने काही घोळ घातलेला नाही. एकच केस वेगवेगळ्या फांद्यांवर स्वतंत्रपणे गळून पडला, एवढीच ती कथा आहे. वंश माहीत नसेल तर ती अपवादांची जंत्री वाटते. वंश माहीत असेल तर तिच्यात क्रम दिसतो.

या सगळ्यांना खरोखर जोडणारी गोष्ट पाहायची तर तोंडाजवळ जावे लागते. कोषातून नुकत्याच बाहेर आलेल्या कॉमन मॉर्मनची सोंड एकसंध नसते. मुखांगांचे लांबलेले दोन पन्हळीसारखे भाग सुटे असतात. ओले पंख वाळेपर्यंत तो कीटक ते दोन भाग पुन्हा पुन्हा गुंडाळतो आणि उलगडतो. कडांवरचे सूक्ष्म आकडे एकमेकांत रुतत जातात आणि मधोमध नळी तयार होते. हे जमले नाही तर त्याला आयुष्यभर मध पिता येणार नाही. बागेत रात्री येणारा हॉक मॉथ अगदी हेच करतो, कारण दोघांना ती सोंड एकाच पूर्वजाकडून आली. वृक्षाच्या बुंध्याजवळच्या एका कुळातल्या पतंगांना मात्र अजून चावणारे जबडे आहेत आणि ते परागकण आणि नेच्यांची बीजुके चघळतात. दुसऱ्या टोकाला ॲटलास आणि टसरचा पतंग, ज्यांची तोंडे निकामी झाली आहेत. अळीपणी खाल्लेल्यावर ते आठवडाभर जगतात, अंडी घालतात आणि संपतात. कानांचेही तसेच. काही पतंगकुळांत कान छातीच्या मागच्या भागात, भूमितीय पतंगांत पोटाच्या मुळाशी. २०१९ मधल्या एका वंशावळीच्या अभ्यासावरून दिसले की ऐकण्याची ही इंद्रिये वेगवेगळ्या शाखांत अनेकदा स्वतंत्रपणे घडली, काही तर वटवाघळे यायच्या आधीच. ज्या प्राण्यांची तोंडे, कान आणि पंखांच्या कड्या इतक्या भिन्न, त्या सगळ्यांना ‘पतंग’ या एका शब्दाने निकालात काढणे हा आळस आहे.

यावर व्यवहारी माणसाचा आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. हेडिलिडी अमेरिकेत, रीजंट स्किपर ऑस्ट्रेलियात. आपल्या मावळात किंवा मेळघाटात मिशांची गाठ पाहिली तर निर्णय जवळजवळ कधीच चुकत नाही. मग कामचलाऊ विभागणी मोडायची कशाला? मोडू नये. ‘फुलपाखरू’ हा शब्द राहील आणि राहावा, कारण तो एका खऱ्या शाखेचे नाव आहे. माझी हरकत त्याच्यासमोर तेवढ्याच तोलाचा दुसरा गट उभा करण्याला आहे. ओळखण्याची खूण आणि गटाची व्याख्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खूण दाराशी उपयोगी पडते, घरातली नाती तिच्यावरून ठरत नाहीत. फुलपाखरांच्या आतही खुणांनी असेच फसवले आहे. स्किपर हे आखूड, जाड अंगाचे, झटक्याने उडणारे कुळ फार काळ ‘अर्धवट पतंग’ म्हणून खऱ्या फुलपाखरांच्या बाहेर ठेवले गेले. आज कळते की फुलपाखरांच्या शाखेतून सर्वांत आधी वेगळे झाले ते मॉर्मन, लाइम, बर्डविंग यांचे देखणे कुळ. म्हणजे रुईवर वाढणारा प्लेन टायगर वंशाने स्किपरच्या जवळचा आहे, आपल्या राज्य फुलपाखराच्या नव्हे.

राज्य फुलपाखराचा विषय निघालाच आहे. २०१५ मध्ये ब्लू मॉर्मनला, म्हणजे नीलवंताला, हा मान देऊन महाराष्ट्र असे करणारे देशातले पहिले राज्य ठरले. पाठोपाठ इतर राज्यांनीही आपापली फुलपाखरे निवडली. चांगलेच झाले. पण एखाद्या राज्याने ‘राज्य पतंग’ निवडल्याचे ऐकिवात नाही. कायद्यातही हीच तऱ्हा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या परिशिष्टांत, अलीकडच्या दुरुस्तीपूर्वी, शीर्षक ‘फुलपाखरे आणि पतंग’ असे होते आणि खाली एकामागून एक कुळे फुलपाखरांचीच. पतंग फक्त शीर्षकापुरते. त्या यादीत डॅनेड एगफ्लाय आणि क्रिमसन रोज यांना सर्वोच्च संरक्षण होते. ही दोन्ही फुलपाखरे महाराष्ट्रात पावसाळ्यानंतर परसबागेत दिसतात. हजारो पतंगांपैकी कोणता संकटात आहे हे विचारण्याची मात्र गरज वाटली नाही. यादी करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. त्यांनी तेच केले जे आपण सगळे करतो. जे दिवसा दिसते आणि सुंदर दिसते त्याला नावे दिली, उरलेल्याला एका शब्दात गुंडाळले.

हा एक शब्द सर्वांत महाग पडतो तो शेतावर. कपाशीवर तीन बोंडअळ्या येतात. अमेरिकन, ठिपक्यांची आणि गुलाबी किंवा शेंदरी. नाव सारखे असले तरी तिन्हींची कुळे वेगळी आहेत. २००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली आणि अमेरिकन बोंडअळी आटोक्यात आली. ‘बोंडअळी गेली’ असेच सगळे म्हणू लागले. पण गुलाबी बोंडअळीची रीत निराळी. अंड्यातून निघालेली तिची बारीक अळी कळीत किंवा बोंडात शिरते, कळीची नीट न उमलणारी डोमकळी होते, बोंडाला तिने पाडलेले छिद्र बुजून जाते आणि बाहेरून बोंड निरोगी दिसते. फवारा तिच्यापर्यंत पोचतच नाही. शिवाय अमेरिकन बोंडअळी हरभरा, तूर, टोमॅटो अशा कितीतरी पिकांवर जगते, त्यामुळे बीटीच्या विषाला न सरावलेले पतंग आजूबाजूला वाढत राहतात आणि प्रतिकारक्षमता पसरायला वेळ लागतो. गुलाबी बोंडअळीचे जवळपास सगळे आयुष्य कपाशीवरच जाते. सगळीकडे बीटी पेरल्यावर आणि फरदड ठेवून हंगाम लांबवल्यावर तिच्या प्रत्येक पिढीची त्या विषाशी गाठ पडली आणि जी तगली तिचीच पिलावळ वाढली. २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांनी त्याची किंमत मोजली. बीटीच्या अपयशाची इतरही कारणे होती, बियाण्यांची, हवामानाची, धोरणांची. पण ‘एक अळी गेली म्हणजे सगळ्या गेल्या’ या समजुतीचा त्यात वाटा नव्हता असे म्हणता येत नाही.

पुढच्याच वर्षी दुसरा धडा आला. २०१८ च्या मे महिन्यात कर्नाटकात शिवमोग्ग्याजवळच्या मक्यावर अमेरिकेतून आलेली एक लष्करी अळी सापडली आणि त्याच वर्षी ती महाराष्ट्रात पोचली. लष्करी अळी हे नाव आपल्याकडे आधीपासून ज्वारी-भाताच्या एका अळीला होते. जुनी अळी दिवसा मातीत, ढेकळांत दडून रात्री पाने खाते. नवी मक्याच्या पोंग्यात शिरून तिथेच बसते. दोघींवर उपाय एकच नाही, कारण पोंग्यात औषध न पडता पानांवर पडले तर खर्च तेवढा होतो. ओळख मात्र अवघड नाही. नव्या अळीच्या डोक्यावर उलट्या इंग्रजी वाय अक्षरासारखी फिकट खूण असते आणि शेपटीकडच्या एका खंडावर चार काळे ठिपके चौकोनात असतात. हातात अळी धरून एवढे पाहिले की झाले. पतंगावस्थेत मात्र हे सोपे राहत नाही. तिथे नराच्या पोटाचे टोक काढून, अल्कलीच्या द्रावणात मऊ करून, जननेंद्रियांचे कठीण भाग सूक्ष्मदर्शकाखाली तपासावे लागतात, किंवा जनुकांची चाचणी करावी लागते. पतंगांच्या जवळच्या जाती वेगळ्या करण्याची ही सर्वांत पक्की रीत, कारण पंखांचे रंग झिजतात आणि फसवतात, हे भाग फसवत नाहीत. कामगंध सापळ्यांचा सगळा कारभारही अशा ओळखीवरच आहे. एका जातीच्या मादीचा गंध दुसऱ्या जातीच्या नराला बोलावत नाही. चुकीच्या जातीचे आमिष लावले तर सापळा रिकामा राहतो आणि शेतकरी समजतो की कीड नाही.

इथे दुसरा आक्षेप. पतंगांची बाजू मांडताना मी किडींचेच दाखले देतो आहे. मग लोकांनी त्यांना आपले का म्हणावे? मूठभर किडी सोडल्या तर हजारो जाती पिकाला हात लावत नाहीत. त्यांच्या अळ्या रानातल्या झाडांची पाने खातात, आणि विणीच्या दिवसांत बहुतेक छोटे पक्षी पिल्लांना याच अळ्या भरवतात. बुचाच्या झाडाची लांब नळीची, पांढरी, रात्री दरवळणारी फुले कोणासाठी आहेत याचा विचार केला की लांब सोंडेचे हॉक मॉथ डोळ्यांसमोर येतात. पूर्व विदर्भात, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत, ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसरच्या अळ्या वाढवून कोसा काढणारी कुटुंबे आहेत. त्यांचे पोट एका पतंगावर चालते. त्या झाडांना कुठली कीड लागते, कोषाचा आकार भागागणिक का बदलतो, हे ज्ञान त्यांच्याकडे आहे. फुलपाखरांच्या पाहणीसाठी जितके कार्यकर्ते डोंगर चढतात त्यातले निम्मे जरी रात्री पांढरा पडदा आणि दिवा लावून पतंगांच्या नोंदी करू लागले तरी किती तरी जागच्या याद्या नव्याने लिहाव्या लागतील.

फुलपाखरे सुंदर म्हणूनच लोकांना निसर्गाकडे ओढतात, त्या ओढीत अडथळा आणू नका, असेही म्हटले जाते. अडथळा कुठेच नाही. नीलवंताकडे ओढले गेलेले मूल ‘हा दिवसा उडणारा पतंग आहे’ हे ऐकून निराश होईल असे मला वाटत नाही. उलट ते दुसऱ्याच क्षणी विचारील की मग रात्री उडणारे कुठे आहेत. जिज्ञासा पुढे नेण्याची ती सोपी वाट आहे, आणि तक्ता पाठ करायला लावून आपण तिथेच फाटक बंद करतो.

तिसरा आक्षेप नावांचा. शास्त्रज्ञच दर दहा वर्षांनी कुळे बदलतात, मग शाळेत काय शिकवायचे? बदल होतात हे खरे. कायद्याच्या त्या यादीत टायगर फुलपाखरांचे आणि ब्राउन फुलपाखरांचे वेगळे कुळ होते. आज ती दोन्ही निम्फालिडी या मोठ्या कुळात आहेत, आणि त्याचे एक कारण पायांत दिसते. या कुळातल्या फुलपाखरांचे पुढचे दोन पाय आखडून गेलेले असतात, उभे राहायला चारच वापरतात. मादी त्या पुढच्या पायांनी पान टकटकवून चव घेते आणि मग अंडे घालते. सह्याद्रीतल्या आणि श्रीलंकेतल्या ॲटलासलाही अभ्यासक आता वेगळी जात मानतात, ॲटॅकस टॅप्रोबॅनिस. या प्रत्येक बदलामागे पुरावा आहे, कोणाची लहर नाही. नकाशे सुधारतात म्हणून भूगोल शिकवणे आपण थांबवत नाही. शिकवायचे ते नावांच्या यादीपेक्षा, नाते कसे ठरवतात हे. चौथीच्या मुलालाही पायांची संख्या मोजून ते समजते.

मग करायचे काय? ‘फरक स्पष्ट करा’ हा प्रश्न बदलून ‘फुलपाखरू कोणत्या अर्थाने पतंग आहे’ असा करता येईल. महापालिकांच्या फुलपाखरू उद्यानांत मधाची रंगीत फुलझाडे भरतात, अळ्यांच्या झाडांना जागा नसते आणि रात्रभर झगझगीत दिवे असतात. तिथे एक कोपरा अंधाराचा आणि ऐन, अनंत, बुच अशा झाडांचा ठेवायला फारसा खर्च नाही. कृषी महाविद्यालयांत कीटकशास्त्र शिकणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी पतंगाचे विच्छेदन स्वतः करावे, कारण अळी ओळखणारा माणूस गावात पोचला नाही तर औषध ओळखणारा दुकानदार पोचतोच. विच्छेदन म्हटले की जीव मारण्याचा प्रश्न येतो आणि तो मी टाळत नाही. छायाचित्राने फुलपाखरांचे बरेच काम भागते. पतंगांच्या हजारो जाती पंखांवरून वेगळ्या होतच नाहीत, आणि नमुना नसेल तर पन्नास वर्षांनी जुनी नोंद तपासायला काहीच हाती राहत नाही. परवानगीने, मोजके, नोंदीसह गोळा केलेले नमुने आणि रस्त्यावरच्या एका दिव्याखाली रोज मरणारे पतंग यांचा हिशोब कोणीही मांडून पाहावा.

पतंगांचा असा कसून अभ्यास अशक्यही नाही, कारण आपल्याच परिसरात तो झाला आहे. जॉर्ज हॅम्पसनने १८९२ ते १८९६ या काळात भारतीय पतंगांवर चार खंड लिहिले, तेही मुख्यतः वाळलेल्या नमुन्यांवरून. तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या कारवारला वनाधिकारी म्हणून आलेल्या टी. आर. बेल यांनी वाट उलटी धरली. ते अळ्या घरी आणून वाढवत, कोणत्या झाडाची पाने खाते, कात कधी टाकते, कोष कुठे करते, बाहेर काय येते, हे एकेक लिहून ठेवत. त्यातून १९३७ मध्ये स्कॉट यांच्यासह लिहिलेला हॉक मॉथवरचा खंड निघाला. अळी, कोष आणि पतंग एकत्र दाखवणारे ते पुस्तक आजही अभ्यासक उघडतात. फुलपाखरे आणि पतंग यांना बेल यांनी एकाच तऱ्हेने वाढवले, एकाच तऱ्हेने लिहिले. हॉक मॉथ हे मात्र पतंगांच्या शंभराहून अधिक कुळांपैकी एक. उरलेल्या कुळांतल्या कितीतरी जातींच्या अळ्या सह्याद्रीत कोणत्या झाडावर वाढतात याची नोंद अजून व्हायची आहे.